दांडीवरचा रंग

सांगते. दिवा तेवढा खाली ठेवा, वाऱ्यानं भडकतोय. वीज काही आता लवकर यायची नाही.

परासक्ती मामी सायकल ढकलत आमच्या दारात आल्या ती अगदी साधी सकाळ होती. मी अंगणात मिरच्या वाळत घालत होते. माझा नवरा नवरत्नम पडवीत पंक्चर काढता काढता रेडिओबरोबर गात होता. आमचं असंच आहे. पडवीत त्याची दुरुस्ती, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझं रंगकाम. काम माझ्या वडिलांचं. ते गेले आणि कुंचले माझ्याकडे राहिले. जाफन्याजवळच्या या वेलणै बेटावर एक बाई सायकली रंगवते म्हणून लोक सुरुवातीला हसायचे. मग माझी सोनेरी रेघ बघून गप्प झाले.

मामींचे यजमान सेल्लदुरै आदल्या वर्षी वारले होते. सायकल त्यांची, जुन्या इंग्लिश घडणीची, जड लोखंडाची. लढाईत पेट्रोल मिळेनासं झालं होतं त्या वर्षांत आमच्या बेटावर अशा सायकलींनीच संसार ओढले. पोती, कोंबड्या, आजारी माणसं, नवरीसुद्धा.

“तिलका,” मामी म्हणाल्या, “टोरांटोहून मुलगी येतेय. बापाची सायकल घेऊन जायची म्हणते. भिंतीवर टांगणार आहे.”

“भिंतीवर?” नवरत्नम पडवीतून ओरडला. “तिकडच्या सायकली काय घोरपडीसारख्या चढतात का हो मामी?”

मामी हसल्या नाहीत. “जुना रंग खरवडू नकोस. झिजलाय तिथं तेवढा भर. आणि दांडीवर... दांडीवर जरा जाड थर दे.”

“का? दांडीवर तुम्ही बसायच्या वाटतं?” मी सहज चेष्टा केली.

“मी कधीच बसले नाही,” मामी म्हणाल्या. चहा ठेवते म्हटलं तर थांबल्या नाहीत. पदर डोक्यावर ओढून, वाऱ्यात अंग चोरत निघून गेल्या.

सायकलीचा रंग कुठं झिजलाय ते बघितलं की तिच्या मालकाची सगळी चाल कळते. टाच घासणारा असेल तर मागच्या नळीवर खूण असते. गुडघे आत घेऊन चालवणारा दांडीच्या दोन्ही बाजू घासतो. सेल्लदुरैंच्या सायकलीवर यातलं काही नव्हतं. रंग जुना झाला होता, पण सगळीकडे धरून होता. झिजला होता तो एकाच जागी, दांडीच्या मधोमध, वरच्या बाजूला. एखादी बाई आडवी बसते तेवढ्या लांबीचा पट्टा, नुसतं उघडं लोखंड.

आणि ते लोखंड चकाकत होतं. आमच्याकडे उघडं लोखंड संध्याकाळी ठेवा, सकाळी त्यावर गंज धरलेला असतो. चारी बाजूंनी खारी हवा. हे मात्र देवळाच्या उंबऱ्यासारखं गुळगुळीत होतं, जणू आत्ताच कुणी त्यावरून उठून गेलंय.

मी खाली वाकून दांडीची खालची बाजू बघितली. तिथं ओरखडे होते. बारीक, शेजारी शेजारी, हँडलच्या जवळ. माणूस दांडीवर बसला आणि पडायच्या भीतीनं त्यानं दांडी घट्ट धरली तर बोटं जिथं येतील, नेमके तिथं. रंग खरवडून लोखंडापर्यंत गेले होते. मी माझी बोटं त्यांवर ठेवून बघितली. बरोबर बसली. हात पटकन काढून घेतला आणि स्वतःलाच हसले. काचपेपर घेतला आणि कामाला लागले.

जुना काळा रंग कधी नुसता काळा नसतो. त्यात हिरव्याची झाक असते. तो रंग जुळवायला मला दुपार लागली. लाल अस्तराचा हात आधीच सुकवून घेतला होता. त्यावर काळा भरला, ओरखडे बुजवले, कडा जुन्या रंगात अशा मिसळल्या की माझी मलाच सापडेनात. शेडला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी उठल्यावर बघायला गेले. दांडीवरचा रंग झिजलेला होता.

नीट ऐका. ओला रंग पुसला गेला तर तो फरफटतो, डाग पडतात, कापडाची वीण उमटते. इथं तसलं काही नव्हतं. रंग कडक वाळला होता आणि मधोमध झिजून गेला होता, कडा हळूहळू पातळ होत गेलेल्या, वर्षानुवर्षांच्या वापरानं होतात तशा. मधे लोखंड चकाकत होतं.

“अहो, रात्री सायकलीवर कोण बसलं होतं?”

“मी,” नवरत्नम दात घासत म्हणाला. “घोड्यावर बसायचं राहून गेलं होतं लग्नात.”

“चेष्टा नको. कुलूप कुणी उघडलं?”

“अगं, किल्ली तुझ्या कमरेला. मला विचारतेस?”

मी पुन्हा भरला. पुन्हा तेच झालं. तिसऱ्या खेपेला आधी लोखंड रॉकेलनं पुसून घेतलं, मग रंग भरला. वाटलं, लोखंडातच काही दोष असेल, तेल मुरलं असेल. मनाला असं काहीतरी सांगावंच लागतं.

तोवर नवरत्नमनं चाकं, साखळी, ब्रेक सगळं साफ करून बसवलं होतं. “एक चक्कर मारून बघतो,” म्हणाला आणि टांग टाकून गेला. बाजारापर्यंतच जायचं, तर दुपार टळली तरी पत्ता नाही. आला तेव्हा घामानं निथळत होता.

“काय चालते गं!” तो म्हणाला. “लोण्यासारखी. फक्त पुढं जरा जड आहे.”

त्यानंतर तो रोजच जाऊ लागला. कधी टायरची हवा बघायची म्हणून, कधी ब्रेक बघायचा म्हणून. मी विचारलं तर चिडायचा. एरवी हा माणूस चिडतच नाही.

मग एका दुपारी शेजारची पुष्पम अक्का कुंपणावरून वाकून म्हणाली, “तिलका, तुझ्या नवऱ्याला आवर गं बाई. या वयात काय ही थेरं!”

“काय केलं त्यानं?”

“काल समुद्रातल्या बांधावरच्या रस्त्याला कुणाला तरी पुढं दांडीवर बसवून नेत होता. मला वाटलं तूच. पण तुला तर इथं धुणं वाळत घालताना बघून निघाले होते मी.”

“कशी होती?”

“चेहरा कुठं दिसला? डोकं त्याच्या छातीत घातलं होतं. केस मोकळे, ओले. आणि काय सांगू...” पुष्पमचा आवाज उतरला. “दिवस भरलेली वाटली गं. चेष्टा नाही करत. तू बघ बाई तुझं काय ते.”

दुसरी बाई असती तर तिला राग आला असता. मलाही आधी रागच आला. नुसता रागच राहिला असता तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

त्या दिवशी तो परत येताना मी कुंपणाआड उभी राहिले. दूरवर तो दिसला. ताडांच्या मधल्या पांढऱ्या वाटेवरून येत होता. एकटाच होता. दांडीवर कुणी नव्हतं. पण त्याचे कोपर बाहेर पसरलेले होते, हँडल धरून मधे माणूस मावेल इतके. मान डावीकडे कलती. समोर कुणाचं डोकं असलं की त्याच्या बाजूनं वाट बघायला माणूस मान कलती करतो ना, तशी. त्याचे ओठ हलत होते. जवळ आला तेव्हा ऐकू आलं.

“आलंच... आलंच हं... थोडंच राहिलं...”

सायकल टेकवली आणि माझ्याकडे बघून हसला, काहीच न घडल्यासारखा. त्याच्या सदऱ्याची छाती ओलीचिंब होती. पाठ कोरडी. जेवायला बसला तर हात खाली येईनात. कोपर तसेच बाहेर ठेवून, पंख पसरलेल्या कोंबड्यासारखा तो तांदळाच्या पिठाचा वाफवलेला पिट्टू आणि कालवण खात होता, आणि त्याला ते कळत नव्हतं. मी सदरा धुवायला घेतला. त्याला समुद्राच्या पाण्याचा आणि खोबरेल तेलाचा वास होता. लांब, ओल्या केसांचा वास.

नवरत्नमचा डोळा लागला तशी मी सायकल आत घेतली, साखळी-कुलपानं खांबाला बांधली, आणि थेट परासक्ती मामींकडे गेले.

मामी मागच्या ओट्यावर बसल्या होत्या. समोर कोऱ्या चहाचा पेला, शेजारी ताडगुळाचा खडा. मला बघून त्यांनी पेला खाली ठेवला. का आलीस, असं विचारलं नाही.

“कोण आहे ती?” मी म्हटलं.

मामींनी शेताकडे तोंड फिरवलं. वाऱ्यानं तंबाखूच्या शेतातली माती उडत होती.

“मंगै,” त्या म्हणाल्या. “आमच्या गल्लीतली. नवरा परदेशी बोटीवर. पहिलंच बाळंतपण होतं. कळा सुरू झाल्या आणि सुईण म्हणाली, मूल आडवं आहे, पलीकडे जाफन्याच्या इस्पितळात न्या. पेट्रोल मिळत नव्हतं तेव्हाची गोष्ट, वाहन नव्हतं. ह्यांनी तिला दांडीवर बसवलं. मागं कॅरिअरवर बसली असती तर पडली असती. पुढं दोन हातांच्या मधे माणूस सांभाळता येतो.”

“मग?”

“वारा होता. समुद्र बांधावर चढत होता. निम्म्या वाटेत ती गप्प झाली. मान टाकली. ह्यांना वाटलं, गेली. अंधारून आलेलं, बरोबर कुणी नाही... घाबरले. तिला कठड्याला टेकवून ठेवायचं आणि माणसं घेऊन यायचं असं त्यांच्या मनात आलं. उतरवायला गेले तर...” मामींनी माझ्याकडे बघितलं. “तर तिनं दांडी धरलेली. डोळे उघडे. म्हणाली, अण्णा, सोडून जाऊ नका. जिवंत होती गं. पण ह्यांचं डोकं फिरलं होतं. त्यांनी तिची बोटं सोडवली. एकेक करून. आणि मागं न बघता परत आले.”

“आणि माणसं गेली तेव्हा?”

“तिथं कुणी नव्हतं. नुसतं पाणी.”

ताडगुळाच्या खड्यावर मुंग्या चढत होत्या. 

“मेल्यावर लोक घरात येतात म्हणतात,” मामी म्हणाल्या. “ही घरात नाही आली. ती सायकलीवरच राहिली. हे रोज निघायचे तिला पोहोचवायला, आणि रोज निम्म्यातून परत. तिथं पोहोचलं की पुढं पाऊल पडायचं नाही. पुन्हा बोटं सोडवायचे, पुन्हा मागं फिरायचे. घरी येईपर्यंत ती परत बसलेली. झोपेतसुद्धा हात असे बाहेर. आमच्या दोघांच्या मधे कोण झोपतं, ते मला शेवटच्या आजारात सांगितलं त्यांनी.”

“आणि ही सायकल तुम्ही पोटच्या पोरीला देणार होतात?”

मामींनी खड्यावरच्या मुंग्या झटकल्या. “एवढा समुद्र ओलांडून ती जाणार नाही, असं वाटलं मला. इथंच उतरेल... रंगाखाली राहील... मला काय कळतंय, तिलका? मला फक्त ती माझ्या घरातून जायला हवी होती.”

“तिला पुढं का नाही नेलं कुणी?” मी ओरडलेच. “एवढ्या वर्षांत? तिला पलीकडेच जायचंय ना!”

“पुढं न्यायला,” मामी म्हणाल्या, “ती बसलीय हे मान्य करावं लागतं.”

मी धावत घरी आले. खांबाला साखळी लोंबत होती. कुलूप तसंच बंद होतं. सायकल नव्हती आणि नवराही नव्हता.

माझी सायकल काढली. ऊन उतरलं होतं. बेटावरून जाफन्याला जायला समुद्रात भराव घालून केलेला बांध आहे, दोन्ही अंगांना उथळ पाणी, वर नुसता रस्ता. त्या वाऱ्यात सायकल पुढं जात नाही, बाजूला ढकलली जाते. दात आवळून पायडल मारत होते. एक बस गेली, एक मासेवाला उलट्या दिशेनं गेला. मग रस्ता मोकळा झाला.

तो निम्म्या वाटेत उभा होता. सायकल दोन्ही पायांच्या मधे, एक पाय कठड्याला. त्याची पाठ माझ्याकडे होती. तो खाली वाकून दांडीपाशी काहीतरी करत होता. जवळ गेले तेव्हा दिसलं. डाव्या हातानं हँडल धरून उजव्या हातानं तो दांडीच्या खालून काहीतरी उकलत होता. चिकटलेली शेंग उकलावी तसं, एकेक. आणि हळू आवाजात, लाडीगोडी लावत बोलत होता.

“सोड... सोड ना गं... आत्ता आलो माणसं घेऊन... सोड...”

त्याच्या बोटांखाली दांडीचा रंग उडत होता. माझा रंग. काळे पापुद्रे वाऱ्यावर उडून माझ्या साडीला चिकटत होते. आणि नख लोखंडावर ओढल्याचा आवाज येत होता. नवरत्नमची नखं पंक्चर काढून काढून बोथट झालेली. ती नखं त्याची नव्हती.

“अहो!”

त्यानं मान वर केली. डोळ्यांत ओळख नव्हती. “हिची एवढी बोटं राहिलीत,” तो मला म्हणाला. “मग परत जाऊ.”

माझी सायकल मी तिथंच टाकली. त्याचा हात धरून ओढला. ओढताना माझा पंजा दांडीखाली गेला. तिथं बोटं होती. थंड, पाण्यात फार वेळ राहिल्यावर होतात तशी सुरकुतलेली. ती दांडी सोडून माझ्या हाताला धरू लागली.

मी किंचाळले नाही. किंचाळायला श्वास लागतो. मी दोन बाळंतपणं काढलेली बाई आहे. कळ आली की बाई जवळ असेल त्याचा हात कसा धरते, ते मला ठाऊक आहे. ती मला तसंच धरत होती. दाबायची... सोडायची... परत दाबायची. कळ आली होती तिला.

“मंगै,” मी म्हटलं. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. “नाही सोडत. तुला नेतो पलीकडे. दांडी धर.”

हातावरची पकड ढिली झाली.

“चालवा,” मी नवऱ्याला म्हटलं.

“मागं फिरतो.”

“मागं नाही. पुढं चालवा. पाय उचला!”

“पुढं नाही जाता येत, तिलका...” तो रडायला लागला. माझं नाव घेतलं म्हणून मला धीर आला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ढकलला. सायकल हलली. जड होती. पुढचं टायर रस्त्याला टेकून चपटं झालेलं मला दिसत होतं. मी बाजूनं चालत, धावत होते, एक हात त्याच्या पाठीवर. दांडीकडे बघायचं नाही एवढं मनाशी ठरवलं होतं. बघितलं नाही. पण कान कसे बंद करणार? बांगड्या किणकिणत होत्या. कुणीतरी दातांतून श्वास घेत होतं, मधे थांबत होतं, परत घेत होतं. ते थांबणं कमी कमी होत चाललं होतं.

“आलं गं. ते दिवे बघ. ते इस्पितळच आहे,” मी बोलत राहिले. काय काय बोलले, आठवत नाही. पोटच्या पोरीशी बोलावं तसं बोलले.

बांध संपतो तिथं वळणावर बाळंतपणाचं जुनं इस्पितळ आहे. आम्ही फाटकातून आत शिरलो तेव्हा नुकते दिवे लागत होते. पोर्चमध्ये एक आया उभी होती. वयस्कर, पांढरी साडी, चेहरा वैतागलेला. मी काही बोलायच्या आत ती चाकाची खुर्ची ढकलत पुढं आली, सायकलीच्या शेजारी लावली, आणि थांबली. कुणी उतरून नीट बसेपर्यंत थांबतात तशी. मधे एकदा हात पुढं करून तिनं आधार दिला. मग खुर्ची वळवली.

“एवढा उशीर?” ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

खुर्ची आत गेली. चाकं करकरत होती, वजन असल्यावर करकरतात तशी.

त्याच क्षणी सायकलीचं हँडल वर उडालं आणि नवरत्नम तोल जाऊन पडता पडता वाचला. त्याचे हात खाली आले. तो पायरीवर बसला आणि दोन्ही तळवे मांडीवर उलटे ठेवून त्यांच्याकडे बघत राहिला.

“मी इथं कसा आलो गं?” त्यानं विचारलं.

आम्ही निघणार, तोच आया परत बाहेर आली. हात ओले होते. पदराला पुसत म्हणाली, “बाळाला कपडे नाही आणले?”

मी नाही म्हणून मान हलवली.

“कशी माणसं गं तुम्ही!”

माझ्या अंगावर जुनी सुती साडी होती. पदराचा काठ दातानं तोडून मी मोठा तुकडा फाडला आणि तिला दिला. तिनं तो घेतला, चुरगाळून मऊ आहे का बघितलं. “मुलगी झालीय. दोघी बऱ्या आहेत,” म्हणाली. “आता न्यायला कधी येताय?”

“न्यायला?”

“मग? ज्यानं आणलं त्यानंच न्यायचं असतं.”

 समोर दांडी दिसत होती, पापुद्रे उडालेली. “सायकल रंगवायला घेतलीय, बाई,” मी म्हटलं. “रंग ओला आहे. वाळला की येऊ.”

तिला ते पटलं. “सांगते तिला,” म्हणाली आणि आत गेली.

ती सायकल आम्ही दोघांनी हातानं ढकलत आणली. वाटेत माझी उचलली. कुणी चढलं नाही. घरी आल्यावर मी दांडी पुन्हा रंगवली. या वेळी रंग धरला. आजही बघा, नखाएवढी चीर नाही. परासक्ती मामींनी सायकल परत घेतली नाही. मुलीला काय सांगितलं त्यांनाच ठाऊक. पुढं दोन पावसाळ्यांनी त्याही गेल्या. नवरत्नम बरा झाला. गातो, चेष्टा करतो, पण जाफन्याला जायचं तर बसनं, आणि बांधावर बस आली की डोळे मिटून घेतो. ते इस्पितळ अजून चालू आहे. त्या आयाबद्दल मी कधी कुणाला विचारलं नाही. विचारलं तर उत्तर मिळेल.

आम्ही न्यायला गेलो नाही. आठएक वर्षं झाली असतील.

गेल्या महिन्यात पुष्पम अक्काची सून तिथं बाळंत झाली. बारशाला गेले होते मी. पोरगी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, खुशीत होती. बोलता बोलता म्हणाली, “मामी, त्या इस्पितळात कुणाची तरी मुलगी राहते वाटतं. शाळेत जायच्या वयाची, गोड आहे. नुसता एक फाटका सुती कपडा गुंडाळलेला असतो अंगाला. प्रत्येक खाटेपाशी येऊन विचारते, तुम्ही वेलणैच्या का?”

मी बाळाचं दुपटं सारखं करू लागले.

“मी हो म्हटलं तर एकदम खूश झाली. तुमचंच नाव घेतलं. म्हणाली, घरी गेलात की तिलका मामींना विचाराल का? आई विचारतेय, रंग वाळला का?”